हजेरीपेक्षा एक कमी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर सात वर्षं काढल्यावर मी शिक्षक झालो. शिक्षकाचं प्रमाणपत्र आधीच घेतलेलं होतं. भरती नव्हती म्हणून डेस्कवर बसलो होतो. तिथं दोन गोष्टी अंगवळणी पडल्या. वाक्य लहान ठेवायचं, आणि एकाच्या सांगण्यावर काही छापायचं नाही. पहिली गोष्ट वर्गात रोज कामाला आली. दुसरी मी एकदा विसरलो आणि त्यामुळे सहा वर्षांच्या एका मुलीची शाळा जवळजवळ गेली होती. हे लिहितोय ते मुख्यतः तिच्याबद्दल.

शिकवण्याची सुरुवात शहापूर तालुक्यात झाली. शेणव्याच्या बाजूला एका हायस्कुलात मी तासिका तत्त्वावर नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवत होतो. दहावीच्या मराठीत बातमीलेखन असतं. मला वाटलं, हा धडा तर आपल्या घरचा. ‘शाळेत वृक्षारोपण’ असा विषय दिला. वह्या आल्या तर प्रत्येक बातमीच्या शेवटी एकच वाक्य: ‘सर्व उपस्थितांनी समाधान व्यक्त केले.’

मी विचारलं, “सर्वांना कुणी विचारलं?”

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, समाधान व्यक्त नाय केलं तर मार्क जातात.”

गाइड काढून पाहिलं. तिचं बरोबर होतं. मग आम्ही आठवडाभर गाइड बंद ठेवलं आणि फक्त तीन प्रश्न घेतले: काय झालं, कुठं झालं, तुला कसं कळलं. आठवड्याच्या शेवटी त्याच मुलीची बातमी दोन ओळींची होती. वृक्षारोपणाच्या अकरा रोपांपैकी सात रोपं शेळ्यांनी खाल्ली, आणि हे तिनं स्वतः मोजून पाहिलं. डेस्कवर असतो तर मी ती बातमी एक शब्द न बदलता पुढे पाठवली असती.

त्याच शाळेत विज्ञानाचे शिक्षक महिनाभर रजेवर गेले आणि आठवीचं विज्ञान माझ्याकडे आलं. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाठ चालू होता. एका मुलानं खिशातून रानातली करटोली काढून टेबलावर ठेवली. “सर, ही कशात बसते?” मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी वाचून आलो. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी मला अडकवायला काहीतरी आणायचं: कंद, शेंगा, एकदा पानाला चिकटलेली अंडी. रानातल्या वस्तूंची नावं त्यांना ठाऊक होती, पुस्तकातले गट मला वाचता येत होते. त्या महिन्यात आठवीत कुणी गैरहजर राहिलं नाही.

एवढ्या जमेवर मी स्वतःला बरा शिक्षक समजू लागलो. तेवढ्यात जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा आदेश आला. मुरबाड तालुका, वैशाखऱ्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून चढावर असलेली एक वाडी. दोन खोल्या, दोन शिक्षक. तिसरी ते पाचवी मुख्याध्यापक बाईंकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. शेणव्याला मी ‘सर’ होतो, इथं ‘गुर्जी’ झालो.

पहिल्या दिवशी मी पहिलीच्या मुलांशी दहा मिनिटं बोललो. शाळा म्हणजे काय, आपण इथं का येतो, वगैरे. पाचव्या मिनिटाला एक मुलगा लघवीला गेला. त्याच्यामागे दोघं गेले, मग चौघं. परत आले तेव्हा त्यांच्याकडे खेकडा होता. उरलेला वर्ग खेकड्याकडे गेला. एक मुलगी तेवढी माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, हिला ऐकायचंय. ती म्हणाली, “गुर्जी, तुमचे केस कुठं गेले?”

बाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. वीस वर्षं त्या असल्याच वाड्यांवर शिकवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “सर, पहिलीला भाषण चालत नाही. हातात काहीतरी द्या.” त्या दिवशी आम्ही खेकड्याचे पाय मोजले आणि त्याला ओहोळात परत सोडलं.

मला सांगायची आहे ती मुलगी त्या गर्दीत नव्हती. ती दाराशी, भिंतीला पाठ लावून बसली होती. पुढचे चार महिने ती रोज तिथंच बसली आणि शाळेत एक शब्द बोलली नाही. पाटी दिली की घ्यायची, रेघा ओढायची, पाटी परत द्यायची. विचारलं की खाली बघायची.

परिपाठाला शाळा एका रांगेत उभी राहायची, उंचीप्रमाणे, सगळ्यांत बुटकं आधी. मग मुलं स्वतःला मोजायची: एक, दोन, तीन. शेवटचा जो आकडा येईल तेवढा तांदूळ स्वयंपाकाच्या मावशी शिजायला काढायच्या. सगळ्यांत बुटकी ही मुलगी होती, म्हणजे ‘एक’ तिनं म्हणायचं. ती म्हणायची नाही. सुरुवातीला रांग तिच्यापाशी अडून राहायची. मग तिच्या शेजारचा मुलगा कंटाळून मोठ्यांदा ‘एक’ म्हणू लागला. मस्टरवर एकतीस हजर असले की रांगेत तीस भरायचे. बाई मावशींना सांगायच्या, “रांगेचा आकडा, अधिक एक.” शाळेला त्याची सवय झाली होती.

“तिला बोलता येतं,” बाई मला म्हणाल्या होत्या. “विहिरीवर भांडताना ऐकलंय मी.”

ऑगस्टात पायाभूत चाचणी झाली. मी तिच्यासमोर खडे ठेवून मोजायला सांगितलं. तिनं खड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मी नोंद केली: ‘संख्याज्ञान नाही. तोंडी प्रतिसाद नाही.’ दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. घरी गेलो नाही.

या नोंदीचा परिणाम मला नंतर कळला. त्या वाडीतली निम्मी घरं तुळशीच्या लग्नानंतर वीटभट्ट्यांवर जातात. टेम्पो येतो, घरदार त्यात चढतं आणि पावसाच्या तोंडाशी परततं. बरोबर गेलेल्या मुलांचं शाळेचं वर्ष तिथंच संपतं. काही पालक मूल आजी-आजोबांकडे ठेवतात. या मुलीची आजी वाडीतच राहणार होती, तेव्हा प्रश्न फक्त वडिलांच्या हो म्हणण्याचा होता. दसऱ्याच्या आधी पालकसभेला ते बायकोला घेऊन आले. दारातच उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, “माझी पोर काय शिकली?”

मी नोंद वाचून दाखवली. प्रामाणिकपणाच्या नावाखाली मी त्यांच्या हातात निकालच दिला होता.

“मंग कशाला ठेवू?” ते म्हणाले. “हिथं मुकी बसायची. भट्टीवर धाकट्याला तरी सांभाळंल.”

बाईंनी समजावून पाहिलं, मीही पाहिलं. त्यांचं बोलणं रागाचं नव्हतं. 

दसऱ्यानंतर लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खळ्यावर गेलो, पुन्हा एकदा विचारून पाहायला. बांधावरच थांबलो, कारण तिथं एक आवाज चालू होता आणि तो मी कधी ऐकला नव्हता. खणखणीत, थोडा खरखरीत, अजिबात न चाचरणारा.

“लाभ. दोन. तीन. चार.”

आजी पायलीनं भात मोजत होती. पायली भरायची, वरून हात फिरवायची, पोत्यात ओतायची. मुलगी पोत्याचं तोंड धरून मोजत होती. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायची आणि पुन्हा सुरू: “लाभ. दोन.” रास लहान होती, पण तिनं तीन खडे आणि वर सात एवढं न चुकता मोजलं. आजीनं विचारलं, “किती झाल्या गो?” ती म्हणाली, “तीन इसा नि सात.” ज्या मुलीला संख्याज्ञान नाही अशी नोंद मी केली होती, ती माझ्यासमोर सदुसष्टपर्यंत पोचली होती.

मला पाहताच ती आजीच्या पाठीमागे गेली.

“आजी, पहिल्या मापाला एक का नाही म्हणत?” मी विचारलं.

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं आठवीच्या मुलांनी करटोलीच्या वेळी पाहिलं होतं. “एक म्हटलं का रास एकावरच राहती. पयल्या मापाला लाभच म्हणायचा. तुमच्या घरी नाय म्हणत?”

“आमच्याकडे तांदूळ दुकानातून येतो.”

“मंग तुमाला लाभ कुठला!” आजी म्हणाली आणि स्वतःच हसली.

मी खाली बसलो. पाठीमागच्या मुलीला उद्देशून विचारलं, “म्हणून तू रांगेत एक म्हणत नाहीस का?”

 ती आजीच्या कानाशी लागली. आजीनं निरोप दिला, “ती म्हणती, पयल्या तोंडी एक म्हटलं तर पोरा एकच राहतील. बाकीची कमी होतील.”

दर कार्तिकात वाडीतली पोरं कमी होतात हे तिनं पाहिलं होतं. ती स्वतःही त्यांच्यातच जायची. चार महिने रांगेच्या तोंडाशी उभी राहून ती गप्प राहिली ती शाळेच्या भल्यासाठी. चाचणीच्या दिवशी माझ्या खड्यांनाही तिनं हात लावला नव्हता, कारण तिथंही पहिल्याला एकच म्हणावं लागलं असतं.

सोमवारी परिपाठाला मी रांगेसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, “आजपासून खळ्यावर मोजतात तसं मोजायचं.” बाकी काही बोललो नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.

“लाभ,” ती म्हणाली.

शेजारच्या मुलाला चार महिन्यांची सवय होती. तो “एक” म्हणून गेला. रांग हसली. पाचवीची एक मुलगी ओरडली, “ए बावळ्या, तू दोन!” पुन्हा सुरुवात झाली. लाभ, दोन, तीन, शेवटपर्यंत. मस्टरवर एकोणतीस होते, रांगेत एकोणतीस भरले.

स्वयंपाकाच्या मावशींनी आतून विचारलं, “अधिक एक ना गुर्जी?”

“नाही मावशी. आज आहेत तेवढेच.”

“कोण आलं नाय?”

“सगळे आलेत.”

त्या बाहेर येऊन रांगेकडे बघून गेल्या.

डेस्कवर चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते, आणि ती छोट्या टायपात कोपऱ्यात टाकायची सगळ्यांना हौस असते. मी तिच्या नोंदीखाली लाल शाईनं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘वरील नोंद चुकीची आहे. विसाच्या गटानं सदुसष्टपर्यंत बिनचूक मोजते.’ बाईंनी वाचून खाली सही केली.

संध्याकाळी वडिलांना गाठून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मोजायला तर माझ्या आयनं शिकवला. शाळंनं काय शिकवला?”

त्यांचा हा प्रश्न माझ्या तीन प्रश्नांच्या तोडीचा होता. दिवाळीच्या सुट्टीला शाळेचे चौदा दिवस उरले होते.

पहिलीला काय वाचायला द्यावं हे मला जून महिन्यापासून कळत नव्हतं. पुस्तकातली ‘कमळ’, ‘बदक’ मुलं सुरात म्हणायची आणि फळ्याकडे पाहायचीही नाहीत. मी शेणव्याच्या दहावीचा धडा खाली आणला. रोज सकाळी एक बातमी. काय झालं, कुठं झालं, तुला कसं कळलं. मुलं सांगतील ती, त्यांच्याच बोलीत, एका ओळीत फळ्यावर. पहिली बातमी होती, ‘बोकड बाईंच्या खुर्चीवर बसला.’ ती वाचायला कुणाला शिकवावं लागलं नाही, कारण सगळ्यांनी तो बसलेला पाहिला होता. कुठला शब्द ‘बोकड’ आणि कुठला ‘खुर्ची’ यावर दुसरीच्या दोघांत भांडण झालं. भांडण मिटवायला दोघांना अक्षरं लावावी लागली.

तिसऱ्या दिवशी दाराजवळून आवाज आला. “आजीचा दात पडला.”

तिची पहिली बातमी. वर्ग तिच्याकडे वळला. मग शेजारचा म्हणाला, “खरा का? कोणी बघला?” सुट्टीत चौघं तिच्या घरी जाऊन आजीचं तोंड बघून आले. बातमी खरी निघाली. मी फळ्यावर लिहिली. ती उठली, फळ्यापाशी आली, ‘दात’वर बोट ठेवलं, मग ‘आजी’वर. चुकली नाही. चार महिने भिंतीला पाठ लावून ती ऐकत होती. अक्षरं तिच्यात जमा झाली होती. बोलायला वाट तेवढी नव्हती.

नंतर तिला थांबवणं अवघड झालं. मांजराला किती पिल्लं, कुणाची सून रुसली, कुणाच्या कौलातून साप निघाला. बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, सुनेची बातमी पुसा. ती सून दुपारी पाणी भरायला येते.” पाचवीची मुलं वहीत बातम्या उतरवू लागली. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात तिनं दिलेली बातमी होती, ‘आत्या शहापूरला गेली.’ शब्द मोठा म्हणून ती मी तीन दिवस पुसली नाही.

मग शाळेला सुट्टी लागली. मी गावी गेलो. वडिलांना द्यायला माझ्याकडे एवढंच होतं: मुलगी फळ्यावरचं वाचते. फळा त्यांना दाखवण्याआधीच सुट्टी आली होती.

पुढचं घडलं तेव्हा मी तिथं नव्हतो. मुलीकडून, तिच्या आईकडून आणि वाडीतल्या एका माणसाकडून ऐकलं. तिघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

दिवाळीनंतर आईवडील तिला घेऊन मुरबाडच्या बाजाराला गेले. परतताना एसटी स्टँडवर दोन गाड्या शेजारी लागल्या होत्या. गर्दी एकीकडे धावली, तसे वडीलही धावले. त्यांना वाचता येत नाही. गाडी कुठली हे ते दरवेळी कुणाला तरी विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. एक पाय पायरीवर ठेवला होता, डोक्यावर पोतं होतं. मागून मुलगी ओरडली, “बाबा, ती नाय! तिच्यावर शहापूर हाय!”

वडील म्हणाले, “गप गो.”

“आत्याचा शहापूर हाय तो. फल्यावर होता. उतरा!”

दारातला कंडक्टर वाकून म्हणाला, “पोरगी बरोबर सांगते, मामा. शहापूरलाच चाललीय. बाप कोरा आणि लेक मास्तरीण!” आसपासची माणसं हसली. वडील खाली उतरले. ते हसले की नाही याबाबत तिघांचं जुळत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी ते परिपाठाआधीच ओट्यावर येऊन बसले होते. बरोबर मुलीची आई होती, कडेवर धाकटा. मुलीकडून मी स्टँडवरची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा ऐकली. तिचं सांगून झाल्यावर वडील म्हणाले, “शिकवता तुमी. ते मानला. पण टेम्पो गुरवारी हाय. ही राहिली तर याला कोण बघंल? आमी दोघं चिखलात.”

  त्या घरात दोन हात कमी पडणार होते.

आई तोवर एक अक्षर बोलली नव्हती. पालकसभेतही नाही. मुलगी कुणावर गेलीय ते तेव्हा लक्षात आलं. धाकट्याला तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “मी बांधीन पाठीला.”

“दिवसभर?”

“तुमाला तुमच्या आयनं कसा वाढवला? पाठीलाच ना? ती राहू दे हिथं. पुढच्या वक्ताला गाडी चुकली तर कोन उतरवंल तुमाला?”

वडील उठले. टोपी झटकली. “राहू दे मंग,” म्हणाले आणि कुणाकडे न बघता उताराला लागले.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं डालगं, माणसं. शाळेतली आठ मुलं त्यात चढली. ती आजीजवळ उभी होती, हात न हलवता. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर ती घरात गेली. मी शाळेत येऊन मस्टर उघडलं आणि त्या आठ ओळी पाहिल्या. ते आठ जण मी माझ्या जमेत धरले नाहीत, अजूनही धरत नाही. त्यांच्यासाठीचं काम पुढच्या वर्षी सुरू झालं. टेम्पो यायच्या आधी, भाद्रपदातच, बाई आणि मी घरोघर गेलो. त्या वर्षी आठांतले पाच राहिले.

पण त्या गुरुवारी साडेदहाला घंटा झाली. रांग उभी राहिली, नेहमीपेक्षा आखूड. सगळ्यांत पुढची जागा रिकामी होती. शेजारच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ‘एक’ म्हणावं की ‘दोन’ हे कळेना.

तेवढ्यात ती चढावरून पळत आली. केस ओले, आजीनं घाईत वेणी घातलेली. जागेवर उभी राहिली, दम घेतला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“लाभ!”

“दोन,” शेजारचा म्हणाला.

रांग तेवीसवर थांबली. मी मस्टर पाहिलं. तेवीस.

मावशींनी आतून विचारलं, “किती गुर्जी?”

माझ्याआधी तिनंच उत्तर दिलं. “एक ईस नि तीन!”